उलट्या वळणाचा शंख

"तो वाजत नाही जी," मोरेश्वर म्हणाला.

पण भूपेंद्रजींनी गाल फुगवलेच. एकदा फुंकलं, दोनदा फुंकलं, तिसऱ्यांदा मान लाल झाली, तरी शंखातून आवाज काही निघेना. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या वेळी तिघंच होते. संस्थेचे सचिव भूपेंद्रजी, विभागप्रमुख अमिता मॅडम आणि परिचर मोरेश्वर. हसायची छाती कोणाचीच नव्हती.

"काऊन वाजत नाही? खराब आहे का?"

"खराब नाही जी. वाजवाच्या शंखाची शेंडी कापलेली राहते. हा समुद्रातून निघाला तसाच ठेवला आहे. नमुना आहे ना."

"मग तर बेस्टच झालं," भूपेंद्रजी म्हणाले. "पंडितजी तेच सांगून राहिले होते. दक्षिणावर्ती पाहिजे आन् अखंड पाहिजे." त्यांनी रुमालाने ओठ पुसले आणि तोच रुमाल शंखाभोवती गुंडाळला.

शंख पाहायला आलेला माणूस त्याला रुमालात बांधत नसतो.

"गुरुवारी नव्या बंगल्याची वास्तुशांती आहे. मॅडम, तुम्ही या. मोरेश्वर, तुम्हीपण या, जेवाले."

"सर, हा स्टॉकातला आहे. रजिस्टरवर चढला आहे," मोरेश्वर म्हणाला.

"चढला त उतरवा. फुटला म्हणून लिहा. लॅबमधी वस्तू फुटत नाही का?"

"फुटते जी. आपल्या इथं नाही फुटली. एकतीस वर्षांत एकबी नाही."

"मग एक फुटू द्या ना आता," भूपेंद्रजी हसून म्हणाले. दारापर्यंत गेले आणि काहीतरी आठवल्यासारखे थांबले. "ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते ते मानसी तुमचीच ना? चांगली पोरगी आहे. तिच्या मुदतवाढीची फाइल माझ्याच टेबलावर आहे."

इतक्या गोड आवाजात बोलले की याला धमकी म्हणावं तर म्हणणाराच खोटा पडावा. ते गेल्यावर अमिता मॅडमनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मोरेश्वरभाऊ, मी काय बोलणार होते? तुम्हीच सांगा."

"काही नाही मॅडम," मोरेश्वर म्हणाला, आणि कपाटाची काच लावून घेतली.

आता मोरेश्वर म्हणजे काही मोठा माणूस नव्हे. दहावी नापास, पांढुर्ण्यात जन्मलेला, वडील जिनिंगमध्ये हमाल. तुम्ही म्हणाल, कापूस-संत्र्यांच्या या मुलखात समुद्राशी कोणाचं काय नातं? पण कॉलेजमध्ये विज्ञान आलं की प्राणिशास्त्र येतं, आणि प्राणिशास्त्र आलं की बरण्या येतात. या प्रयोगशाळेत दोनशे अकरा बरण्या होत्या. ऑक्टोपस, माकूळ, समुद्रघोडा, तारामासा, समुद्रकाकडी, आठ तऱ्हेचे खेकडे, कवड्या, शिंपले. फॉर्मालिन उडतं, म्हणून उन्हाळ्याआधी प्रत्येक बरणी उघडून भरावी लागते आणि झाकणाला मेण लावावं लागतं. एकतीस उन्हाळे मोरेश्वरने ते केलं. डोळे चुरचुरून कायमचे लाल झाले, बोटांची कातडी चामड्यासारखी झाली, पण बरणी फुटली नाही. बायको सुधा चिडून म्हणायची, "घरच्या चार कपबश्या धड ठेवल्या नाही तुमी, आन् तिथं मेलेल्या खेकड्याले जीव लावता."

आणि नुसतं सांभाळणं नव्हतं. ऐकून ऐकून आणि पाहून पाहून त्याला सगळं येत होतं. सायबांनी शिकवलेलं पोरांच्या डोक्यावरून गेलं की पोरं मधल्या सुट्टीत मोरेश्वरभाऊंना गाठायची. तो एकेक बरणी खाली काढून सांगायचा, माकुळीला हाडं नसतात तर आत ही पांढरी पाटी कशाची, तारामाशाचं तोंड कुठे असतं, शंखाचं वळण कसं ओळखायचं. त्याने वळण शिकवलेली पोरं आज कुठे कुठे मास्तर आहेत. त्यांच्या सर्टिफिकेटवर मोरेश्वरचं नाव नाही, आणि असावं असं त्याला कधी वाटलंही नाही. मान त्याला एकाच गोष्टीचा हवा होता. तो शंख त्याने आणलेला होता.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रघुनाथराव सर विभागप्रमुख होते. त्यांनी बीएस्सीची सहल काढली, थेट रामेश्वरला. मद्रासकडे जाणारी गाडी पांढुर्ण्याला थांबते, तिच्यात तेवीस पोरं, दोन पोती संत्री आणि सामान उचलायला मोरेश्वर. पोरांनी समुद्र पाहिला आणि पाण्यात उड्या घेतल्या. मोरेश्वरनेही आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहिला, पण सरांनी त्याच्या हातात बादली दिली होती. सकाळी ट्रॉलर किनाऱ्याला लागायचे. कोळंबी आणि मोठे मासे टोपल्यांत जायचे, आणि उरलेला ढीग वाळूवर ओतायचे. त्यात चिमुकले खेकडे, जेलीमासे, समुद्रसाप, तारामासे, फुटके शिंपले, नाव नसलेली हजार जनावरं. कोंबड्यांच्या खाद्यात जाणारा कचरा तो. तो निवडायला बायका बसायच्या, आणि त्यांच्यातल्या एका म्हातारीजवळ मोरेश्वर उकिडवा बसला. ती तिच्या भाषेत बोलायची, हा वऱ्हाडीत, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताला शंख लागला. वरून काळपट साल, आत जनावर जिवंत. असे शंख त्याने त्या तीन दिवसांत पुष्कळ पाहिले होते, पण हा हातात नीट बसेना. फिरवून पाहिला, पुन्हा फिरवून पाहिला. याचं वळणच उलटं होतं. लाखात एखादा असा निघतो, हे सरांनी गाडीत सांगितलं होतं. दक्षिणावर्ती म्हणून देवघरात ठेवायला लोक त्यासाठी जीव टाकतात.

म्हातारी खाली मान घालून कोळंबीची पिल्लं वेचत होती. तिला दाखवावा, असं त्याच्या मनात आलं. ढीग तिच्या पुढ्यातला होता. पण दाखवला असता तर तिने ठेवून घेतला असता. त्याने शंख बादलीत तळाशी टाकला, वर तारामासे टाकले आणि जाताना म्हातारीला सहा संत्री दिली. ती खूश झाली. चोरी म्हणता येणार नाही, पण तो गप्प बसला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे कितीदा तरी त्याने मनाची समजूत घातली की मी घरी थोडाच नेला, कॉलेजला दिला.

परतीच्या गाडीत आतलं जनावर मेलं आणि असा वास सुटला की टीसीने डब्यात पाय टाकला नाही. पांढुर्ण्याला आल्यावर मोरेश्वरने शंख उकळला, आकड्याने साफ केला, साल खरवडून काढली. आतून दुधासारखा पांढरा शंख निघाला. रघुनाथराव सरांनी स्टॉक रजिस्टर उघडलं आणि आपल्या देखण्या अक्षरात नोंद केली. शंख, उलट वळणाचा, अतिदुर्मिळ, नग एक. आणि पुढच्या रकान्यात, संग्राहक, मोरेश्वर, प्रयोगशाळा परिचर. सरांनी तिथे स्वतःचं नाव टाकलं असतं तर कोण विचारणार होतं? पण टाकलं नाही. त्या दोनशे अकरा बरण्या आणि सगळ्या कपाटांच्या पसाऱ्यात मोरेश्वरचं नाव लिहिलेली तेवढी एक ओळ.

म्हणून आता फुटला म्हणून लिहायचं, म्हणजे काय लिहायचं, ते भूपेंद्रजींना कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मधुकरबाबूंकडे गेला. बाबू हिशेब आणि स्टॉक पाहायचे, आणि त्यांना आतली बातमी आधीच लागली होती.

"लिहून देतो ना मी. पण भाऊ, तुकडे लागन," मधुकरबाबू म्हणाले. "फुटलेली वस्तू समितीसमोर ठेवा लागते, तवा ते रजिस्टरातून अपलेखन होते. हवेत नाही फुटत काही."

"तुकडे कुठून आणू? तो त त्यांच्या घरी अखंड आहे."

"मले काय सांगता? एखादा साधा शंख आणा आन् फोडा. समितीत कोण राहते? गणिताचे सर आन् हिंदीचे सर. त्यांले शंख आन् शिंगाडा सारखाच."

यालाच म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. न्यायचा त्यांनी, फोडायचा याने, आणि तुकडेही यानेच पुरवायचे. मोरेश्वरच्या निवृत्तीला वीस दिवस राहिले होते.

घरी त्याने सुधाला सांगितलं. मानसी तेव्हा आत होती. ती बाहेर आली ती हसतच. "बाबा, माझी फाइल वर गेली म्हणे. सचिव सर स्वतः म्हणाले, तुझ्या बाबांमुळे." तीन वर्षं कंत्राटावर होती बिचारी. दर जुलैला मुदत संपायची आणि तिचं जेवण तुटायचं.

ती आत गेल्यावर सुधा हळू आवाजात म्हणाली, "सांगून द्या ना त्या अमिता मॅडमले, नाही फोडत म्हणा."

"आन् पोरीचं?"

सुधाने आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "शंख फोडणं पाप आहे जी. लक्ष्मीचा भाऊ मानते त्याले. फोडानच लागत असन, त त्याचा चुरा नका करजा. मोठे तुकडे राहू द्या. कागदाचं झालं का घरी आणजा, आपण जाम नदीत सोडून देऊ."

"हाव," तो म्हणाला.

शनिवारी तो बसने जामसांवलीला गेला. मारुतीच्या मंदिराच्या वाटेवर केसरबाईचं दुकान होतं. गंडे, माळा, कवड्या, शंख. केसरबाई त्याला जुनी ओळखायची. कोणी व्यापारी तिच्या गळ्यात नकली माल बांधायला आला की ती म्हणायची, थांबा, आमचे पांढुर्ण्याचे भाऊ पाहून सांगतीन. मोरेश्वरने तिच्या टोपलीतला एकेक शंख उचलला. उलट्या वळणाचा मिळणं शक्यच नव्हतं, ते त्याला माहीत होतं. तरी त्याने सगळी टोपली पाहिली. शेवटी आकाराने बरोबर बसणारा एक साधा शंख काढला.

"हा काऊन घेता? याच्याहून चांगले आहे ना," केसरबाई म्हणाली. "देवाच्याच कामाले ना?"

"हाव," मोरेश्वर म्हणाला.

ती त्यातही कमी करून देत होती. त्याने कमी करू दिलं नाही. त्या दिवशी तो दर्शनाला आत गेला नाही, बाहेरूनच हात जोडून परतीच्या बसला उभा राहिला.

रविवारी दुपारी कॉलेजात चौकीदार तुळशीराम सोडला तर कोणी नव्हतं. मोरेश्वरने त्याच्याकडे घण मागितला.

"काय फोडून राहिले?"

"शंख."

तुळशीरामला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने मोरेश्वरचा चेहरा पाहिला आणि घण आणून दिला, पण प्रयोगशाळेत पाय ठेवला नाही.

बारदान अंथरलं, शंख मधोमध ठेवला. पहिला घाव बसला आणि घण उसळून वर आला, शंखाला ओरखडासुद्धा नाही. समुद्राच्या तळाशी जन्म काढणाऱ्या जनावराचं घर ते, असं कसं फुटेल? दुसरा घाव, तिसरा घाव. मोरेश्वरला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते त्याला कळेना. भूपेंद्रजींचा यावा तर तो फार वर बसलेला माणूस. अमिता मॅडमचा यावा तर त्यांचीही नोकरी. शेवटी स्वतःचाच आला, आणि चौथ्या घावाला शंख फुटला.

बाहेरच्या भिंतीचे चार-पाच तुकडे झाले. तोंडाकडचा भाग मात्र मधल्या खांबाला तसाच चिकटून राहिला, आणि त्या खांबाभोवती वर चढत गेलेलं वळण उघडं पडलं. विहिरीच्या आतल्या पायऱ्या दिसाव्यात तसं. मोरेश्वर घण हातात धरून त्या खांबाकडे पाहत राहिला. हा खांब फोडायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. ज्याला शंख कळतो त्याला या एवढ्या तुकड्यावरून वळण कळेल. त्याने घण उचललाही. पण सुधाचं बोलणं आठवलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याच्याने होईना. हिंदीचे सर आणि गणिताचे सर, असं मनाशी म्हणून त्याने घण खाली ठेवला आणि तुकडे ट्रेमध्ये मांडले.

समिती बुधवारी बसली. गणिताचे सर आले नाहीत, हिंदीचेही आले नाहीत. अमिता मॅडमच्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, तिशीचीही नसेल.

"या अश्विनी मॅडम," अमिता मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओढलेला होता. "सौसरच्या कॉलेजातून आल्या आहेत. यंदापासून नियम आलाय, समितीत विषयाचा जाणकार बाहेरून पाहिजे. मलाही काल संध्याकाळी पत्र मिळालं."

"माझी पीएचडी शंख-शिंपल्यांवरच आहे," अश्विनी मॅडम उत्साहाने म्हणाल्या. "उलट्या वळणाचा शंख या भागात होता, हे वाचून मला विश्वासच बसेना. फुटला म्हणून फार वाईट वाटलं. तुकडे तर पाहू."

मोरेश्वरने ट्रे पुढे ठेवला. अश्विनी मॅडमनी मोठा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खांबावरून बोट फिरवलं. रजिस्टर जवळ ओढून नोंद पुन्हा वाचली.

"पण हा उलट्या वळणाचा नाहीये. हा तर साधा शंख आहे."

मधुकरबाबूंचं पेन थांबलं. अमिता मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. खिडकीबाहेर सायकलस्टँड होता, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"काका, फुटलेला शंख हाच ना? बदलला वगैरे तर नाही?"

आता बोलायचं असेल तर याच घडीला बोलायचं होतं. खरा वेगळा आहे, म्हटलं की पुढचा प्रश्न, मग तो कुठे आहे? त्या प्रश्नाचं उत्तर गेल्या गुरुवारीच नव्या बंगल्याच्या देवघरात लाल वस्त्रावर ठेवलं होतं. मोरेश्वर तिथे जेवून आला होता, लांबून पाहून आला होता. आणि मानसीची फाइल अजून सहीविना पडली होती.

"हाच आहे जी," तो म्हणाला.

"मग नोंदच चुकीची झाली म्हणायची. रघुनाथराव म्हणजे कोण, तेव्हाचे विभागप्रमुख का? त्यांना एवढंही कळलं नाही?"

मेलेल्या माणसावर बोट गेलं, ते मात्र मोरेश्वरला सोसलं नाही. त्या माणसाने आपल्या हाताने त्याचं नाव लिहिलं होतं.

"सरांची चूक नाही मॅडम. मीच सांगतलं होतं त्यांले, उलटा आहे म्हणून. सरांनी माह्यावर विश्वास ठेवला. मले समजलं नाही."

"असं होय," अश्विनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी लाल पेन घेतलं. 'उलट वळणाचा, अतिदुर्मिळ' या शब्दांवर सरळ रेघ मारली, आणि बाजूला लिहिलं, 'नमुना सामान्य होता. परिचराच्या अज्ञानामुळे नोंद चुकीची.' खाली सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर फिरवलं. मधुकरबाबूंनी सही केली. अमिता मॅडमनी केली. मग जागा दाखवली तिथे मोरेश्वरने केली. एकतीस वर्षांत त्याचं नाव लिहिलेली ती एकच ओळ, आणि तिच्याशेजारी आता ही दुसरी.

अश्विनी मॅडम वाईट नव्हत्या. उलट हा म्हातारा माणूस ओशाळा होऊन उभा आहे, हे पाहून त्यांना कसंसंच झालं.

"लाजू नका काका. एमएस्सीच्या पोरांनाही कळत नाही हे. या, इकडे या, मी दाखवते."

त्यांनी तो तुकडा मोरेश्वरच्या हातात दिला. "असा नाही. टोक वर करा. हां, असं. पूजेत लोक टोक खाली धरतात, म्हणून त्यांचं सगळं उलटं होतं. आपण लॅबमध्ये नेहमी टोक वर धरायचं आणि तोंड आपल्याकडे करायचं. नीट पकडा, घाबरू नका. आता सांगा, तोंड कोणत्या हाताला आलं?"

अमिता मॅडम उठून बाहेर गेल्या. मोरेश्वरने तुकड्याकडे पाहिलं. विचार करायला जितका वेळ लागावा तितका वेळ त्याने घेतला.

"उजव्या," तो म्हणाला.

"बरोबर. उजव्या हाताला आलं की साधा. डाव्या हाताला आलं असतं तर तो उलट्या वळणाचा. समजलं?"

"समजलं जी."

"बघा, किती सोपं आहे."

"हाव मॅडम," मोरेश्वर म्हणाला. "सोपंच आहे."